एम.ए.ला असताना इतिहास काँग्रेसला पेपर घेऊन जावं का?

गिरणीचा_भोंगा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरला एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी वर्गात सहज विचारलं, डिसेंबरअखेर इंडियन हिस्टरी काँग्रेसचं, म्हणजे देशभरातल्या इतिहास अभ्यासकांच्या परिषदेचं अधिवेशन आहे, कुणी पेपर पाठवणार का? सगळे खाली बघायला लागले म्हणून मी हात वर केला. तेव्हापासून झोप उडालीय.

विषय डोक्यात आहे, '१९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि गिरणी कामगार', म्हणजे इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला ते दिवस. माझे पणजोबा जुन्या गिरणीत माग चालवायचे, त्यामुळे घरात त्या दिवसांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. पण अडचणी बऱ्याच आहेत. इंग्रजी वाचतो, बोलताना अडकतो. नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. गाडीभाडं, राहणं, सभासद फी, हे सगळं घरी मागायचं म्हणजे वडील विचारणार, 'दहा मिनिटं बोलायला तीन दिवस कशाला?' आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यात व्हॉट्सॲपवर एका 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषदे'चं पत्रक फिरतंय. एका दिवसाची. पैसे भरले की पेपर पुस्तकात छापून येणार, प्रमाणपत्र हमखास. मित्र म्हणतात तीच कर, जवळ पण आहे. तर जे खरंच इतिहास काँग्रेसला जाऊन आलेत, तेही विद्यार्थी असताना, त्यांनी सांगा. एम.ए.च्या पोराला तिथे कोण विचारतं का?

सेट_झाली_नेट_राहिली

कोण नाही विचारत. मी दोनेक परिषदा केल्या. समोर बसलेले सगळे आपापला नंबर कधी येतो याची वाट बघत असतात. तुझं झालं की टाळ्या, पुढचा. एम.ए.ला असताना पेपरचा नोकरीला उपयोग शून्य, नेटचा उपयोग शंभर टक्के. खोलीत बसून अभ्यास कर. उगाच हात वर केलास.

कुंभार्ली

वरच्या उत्तरातलं नेटचं तेवढं खरं आहे, तारखा एकमेकींवर येतात का ते आधी बघ. बाकीचं मला पटत नाही. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना केरळात कण्णूरच्या अधिवेशनाला गेले होते, डिसेंबर २०१९, ८० वं अधिवेशन. आता पीएच.डी. करतेय. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

त्याच्या आधी मी एका 'राष्ट्रीय चर्चासत्रा'ला गेले होते, कुठल्या ते सांगत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणखी दोन पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, जेवण. जेवणानंतर आमच्या गटाला सांगितलं की वेळ कमी आहे, फक्त निष्कर्ष वाचा. वाचले. प्रश्न नाहीत. अध्यक्षांनी सगळ्यांचे पेपर अभ्यासपूर्ण असल्याचं जाहीर केलं आणि संध्याकाळी प्रमाणपत्राच्या रांगेत जेवढी माणसं दिसली तेवढी दिवसभरात सभागृहात दिसली नव्हती. तुझ्या व्हॉट्सॲपवाल्या परिषदेत याहून वेगळं काही होईल असं वाटत नाही. शिवाय पैसे भरून छापलेला कच्चा पेपर पुढे आयुष्यभर आपल्या नावावर राहतो.

आता कण्णूर. माझा विषय होता कुंभार्ली घाटातली जकात. पाटण तालुक्यातल्या एका घराण्याच्या दप्तरात पेशवाईतले थोडे मोडी कागद मिळाले होते, त्या काकूंनी ओसरीवर पाट मांडून फोटो काढू दिले. पेपरला नाव मात्र आम्ही भारदस्त दिलं होतं, 'मराठाकालीन व्यापार आणि राज्यसंस्था', आणि घाट बिचारा उपशीर्षकात. जाताना कराडहून एसटीने त्याच घाटातून चिपळूणला उतरले आणि तिथून रात्रभर कोकण रेल्वे. घाटात मांडीवर कागद घेऊन सराव करत होते. तू असलं काही करू नकोस, मळमळतं.

उद्घाटनाला नागरिकत्व कायद्यावरून राज्यपालांच्या भाषणात जो गदारोळ झाला तो देशभर बातम्यांत आला. घरून फोनवर फोन, 'तू ठीक आहेस ना, निघून ये'. मी दारापाशी होते, मला धड काही दिसलंही नव्हतं. त्यावर लोक अजून वाद घालतात, घालू देत. मला सांगायचंय ते नंतरच्या खोल्यांबद्दल.

तिथे विभाग असतात: प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, भारताबाहेरचे देश, पुरातत्त्व वगैरे. सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत चालू. माझा पेपर मध्ययुगीनमध्ये लागला. खोलीत मोजकी माणसं, त्यातली निम्मी स्वतःचा पेपर वाचायला आलेली. म्हणजे वरच्या दादांनी लिहिलंय तसंच होतं, इथपर्यंत. मी वाचला. इंग्रजी माझंही तुझ्यासारखंच, पण लिहिलेलं वाचायचं असल्याने निभावलं.

मग मागच्या बाकावरून अलीगढकडच्या एका वयस्कर प्राध्यापकांनी हात वर केला. म्हणाले, तुमच्या तळटीपेतली तारीख मला समजावून सांगा.

हे जरा किचकट आहे पण सांगतेच. जकात माफ केल्याचा माझा मुख्य कागद. त्यावर तारीख छ २० रबिलाखर (रबिलाखर या चांद्र महिन्याची २० तारीख), सबा सबैन मया व अलफ (सात, सत्तर, शंभर आणि हजार). म्हणजे शुहूर सन, मराठा दप्तरांत चालणारी कालगणना, ११७७. त्यात ५९९ मिळवायचे, १७७६ येतं, आणि वर्ष सुरू होतं मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी. इतकं मोडीच्या वर्गात सगळ्यांना शिकवतात. पण शुहूरचं वर्ष चालतं सूर्यावर आणि त्यातले महिने चंद्रावर. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे मृगाच्या आसपासच्या काही तारखा एकाच शुहूर सनात दोनदा पडतात, एकदा वर्ष लागताच आणि एकदा वर्ष संपता संपता. माझी नेमकी तसली. जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकात, ८ जून १७७६ लाही बसत होती आणि २८ मे १७७७ लाही.

बारा महिन्यांचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण मधे सदाशिवरावभाऊंचा तोतया आहे, पानिपतात गेलेले भाऊ मीच म्हणणारा! १७७६ च्या फेब्रुवारीत तो रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला, बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला मारलं. म्हणजे कागद जून ७६ चा असेल तर ती दंगा चालू असताना दिलेली सूट, व्यापारी आपल्याकडे राहावेत म्हणून. मे ७७ चा असेल तर सगळं शांत झाल्यावरची नुकसानभरपाई. दोन्हींचा अर्थ पार वेगळा. मी दुसरी तारीख धरली होती, कारण कागदात दंग्याचा उल्लेख होऊन गेलेली गोष्ट म्हणून येतो. पण हे सगळं तळटीपेत दोन ओळींत होतं, कारण पेपर 'व्यापार आणि राज्यसंस्थे'वर होता ना.

फळ्यावर मांडून दाखवलं. त्यांनी लगेच मान डोलावली नाही. दरबारी कागदात 'झालेला दंगा' असं चालू दंग्याबद्दलही लिहितात का, तुम्ही दुसरे कागद तपासलेत का, असं विचारलं. हैदराबादच्या एक बाई मधे पडल्या, म्हणाल्या सूट मालाच्या कुठल्या प्रकारांना आहे ते बघा, मीठ आणि सुकी मासळी असेल तर हंगामावरून ठरवता येईल, पावसाच्या तोंडावर घाटाने किती माल चढणार? अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं तरी दोनतीन मिनिटं चाललंच. व्यापार आणि राज्यसंस्थेवर एकसुद्धा प्रश्न आला नाही.

नंतर चहाच्या वेळी ते प्राध्यापक स्वतः शोधत आले. एवढंच म्हणाले की तळटीप वर घ्या आणि वरचं सगळं तळटीपेत टाका. परतीच्या गाडीत मी तेच केलं. एम.ए.चा प्रबंध त्या एका कागदावर उभा राहिला, आणि माझी पीएच.डी. त्या बाईंच्या मिठाच्या प्रश्नावर चाललीय म्हटलं तरी चालेल.

म्हणून माझं म्हणणं एकच. जा, पण 'मार्शल लॉ आणि गिरणी कामगार' घेऊन जाऊ नकोस. त्यावर कुणी काय विचारणार? सगळ्यांना थोडंथोडं माहीत असतं, मग मान डोलावतात आणि टाळ्या वाजवतात. एक कागद, एक वही, एक नोंद घेऊन जा, जी त्या खोलीत फक्त तू पाहिलेली आहे. मग बघ मागच्या बाकावरून हात वर येतो की नाही.

बाकी जेवणाच्या पंगतीत वायनाडच्या घाटरस्त्यांवर काम करणारी एक मल्याळी मुलगी भेटली, अजून आम्ही एकमेकींना कागद पाठवतो. तिकडचा जाडा तांबूस भात पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना, तिसऱ्या दिवशी मागून घेतला. आणि पुस्तकांचे स्टॉल असतात, त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेव, नाहीतर परतीच्या जेवणाचे पैसे तिथे जातात.

माजी_मास्तर

कुंभार्लीताईंनी छान लिहिलंय. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे थोडी कोरडी माहिती देतो.

ही काँग्रेस मुळात आपल्याकडचीच म्हणायची. १९३५ साली पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने. तेव्हा तिथे जायला आपण बिचकावं असं काही नाही. पेपर पाठवायला आधी सभासद व्हावं लागतं, आणि गोषवारा पाठवून भागत नाही, पूर्ण पेपर मुदतीत द्यावा लागतो. वाचलेला प्रत्येक पेपर छापतात असं नाही, निवडक पेपर अहवालग्रंथात येतात. हे अहवाल जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयातून उघडत असेल तर आधी आधुनिक विभागातले चारपाच पेपर वाचून काढ. लांबी, तळटिपांची पद्धत, प्रश्न कसा मांडतात, हे माझ्यासारख्याने सांगण्यापेक्षा त्यात लवकर कळतं.

इंग्रजीचं ओझं वाटत असेल तर अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद आहे, मराठीतून पेपर वाचता येतो. कोल्हापूरकडे शिवाजी विद्यापीठ इतिहास परिषदही आहे. एकाला गेलास म्हणून दुसरीकडे जायचं नाही असं नाही. पण पहिल्यांदा आपल्या भाषेत प्रश्न झेलायची सवय झाली तर बरं असतं. माझे कितीतरी विद्यार्थी इंग्रजी पेपर खडाखड वाचायचे आणि पहिल्या प्रश्नाला गप्प व्हायचे. प्रश्न कळायचा, उत्तरही माहीत असायचं, पण वाक्य जुळवेपर्यंत अध्यक्ष पुढचं नाव पुकारायचे. प्रश्न हिंदीत आला तर हिंदीत उत्तर दे, तिथे कुणाला खटकत नाही.

एक ताकीद. आमच्यासारखे मास्तर लोक अधिवेशनाला अर्धे सहलीला येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी देवळं बघायला गाडी ठरते. त्या गाडीत बसू नकोस. देवळं पळून जात नाहीत.

सेट_झाली_नेट_राहिली

कुंभार्लीताई, तुमचं नशीब म्हणून तो माणूस मागच्या बाकावर होता. माझ्या खोलीत मागच्या बाकावर एक जण झोपला होता.

कुंभार्ली

मान्य, नशीब लागतंच. पण तुझ्या पेपरचं नाव काय होतं?

सेट_झाली_नेट_राहिली

'महाराष्ट्रातील समाजसुधारणा चळवळी : एक चिकित्सक अभ्यास'. हसू नका.

गिरणीचा_भोंगा

ताई, सर, मनापासून आभार. तुमची उत्तरं बाबांना वाचून दाखवली. शुहूर सनाचं डोक्यावरून गेलं, पण मिठाचं त्यांना लगेच पटलं.

एक कागद, एक वही म्हणालात त्यावरून आठवलं. मागच्या वर्षी बहिणीच्या जातपडताळणीसाठी आम्ही आजोबांच्या शाळेत गेलो होतो. गिरणीच्या चाळीजवळची शाळा, तेव्हा नगरपालिकेची होती. तिथे जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे कुठलं पोर कधी दाखल झालं, कधी गेलं याच्या नोंदी, अजून आहेत, कापडात बांधलेली. आजोबांची नोंद शोधताना १९३० चं पान उघडलं होतं. घरातली गोष्ट अशी की मार्शल लॉ लागल्यावर पणजोबा बायकापोरांना अक्कलकोटकडे गावी सोडून आले आणि स्वतः परत कामावर गेले. तर अशी किती पोरं शाळेतून गेली आणि परत आली, हे त्या रजिस्टरवरून कळेल का? म्हणजे कामगारांनी शहर सोडलं असं म्हणतात, पण कुणी सोडलं, कुठल्या गल्लीतल्यांनी, आणि परत कधी आले? असा पेपर चालेल का, की फारच लहान होईल?

कुंभार्ली

अरे, हा हात वर केलास तो बरोबर केलास! लहान नाही होत. असंच पाहिजे. नावात आधी शाळा आणि रजिस्टर घाल, मार्शल लॉ उपशीर्षकात. आमच्या घाटासारखं करू नकोस.

गाडीचं बघ. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. डिसेंबरअखेर नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी असते, पहिल्याच सकाळी लॅपटॉप उघडून बस. पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं की विभागप्रमुखांकडे प्रवास अनुदानाचा अर्ज टाक. मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय तर नाहीच मिळत. राहायची सोय हॉस्टेलवर असेल तर चादर आणि कुलूप घरून ने.

माजी_मास्तर

भोंग्या, कल्पना उत्तम, पण एक शंका आत्ताच काढतो, नाहीतर ती तिथे कुणीतरी काढेल. मार्शल लॉ लागला मे महिन्यात आणि मेमध्ये उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीत गावी गेलेलं पोर रजिस्टरात दिसणार नाही. पूर्वीही गिरणी कामगारांची पोरं उन्हाळ्यात गावी जातच होती. तेव्हा तुला पाहायचं आहे ते शाळा उघडल्यानंतरचं. जून-जुलै १९३० मध्ये नाव कमी केलेल्यांच्या नोंदी, आणि शेरा काय लिहिलाय ते. 'सतत गैरहजर', 'गाव सोडले', 'दाखला नेला' असे शेरे असतात, आणि तीन शेऱ्यांचे अर्थ तीन. तुलनेसाठी १९२८ आणि १९२९ चे तेच महिने काढ, म्हणजे नेहमीची गळती किती आणि त्या वर्षीची किती हे दिसेल. १९२८ ला गिरण्यांमधून संप झाले होते का, तेही तपास, नाहीतर तुलना फसेल. आणि पालकाचा धंदा लिहिलेला असतो तो रकाना सोडू नकोस, सगळेच गिरणीतले नसणार.

गिरणीचा_भोंगा

सर, सुट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे तीन वर्षांची रजिस्टरं लागणार. मुख्याध्यापिका बाई ओळखतात, पण मागच्या वेळी पडताळणीचं काम होतं म्हणून दाखवलं. आता 'अभ्यासाला पाहिजे' म्हटलं तर देतील का? आणि मुलांची नावं पेपरात द्यायची का?

माजी_मास्तर

नावं नको, अनुक्रमांक दे. कुणाची जात, कुणाचा बाप काय करत होता, हे अजून तिथेच राहणाऱ्या घरांचं आहे. बाईंना तोंडी विचारू नकोस, मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज कर, त्यावर विभागप्रमुखांची सही-शिक्का घे आणि पोच घेऊन ठेव. महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे पाठवतील, तिथेही जा. फोटो काढू देतील याची खात्री नाही, तेव्हा रकाने आखलेली वही आणि शिसपेन्सिल ने. पेन नको, जुन्या रजिस्टरावर शाई सांडली तर पुढच्या पडताळणीवाल्यांचे हाल.

सेट_झाली_नेट_राहिली

मी सोलापुरातच असतो. तीन वर्षांची रजिस्टरं एकट्याने उतरवायला महिना जाईल. शनिवारी मोकळा असतो, ये म्हणालास तर येतो. नेटचा पहिला पेपर मी तुझ्याकडून करून घेईन, त्यात माझी बोंब आहे.

गिरणीचा_भोंगा

ठरलं दादा. अर्ज उद्याच टाकतो. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा.